चपला बाहेर

सिप्रियनच्या उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. एकोणिसाव्या वर्षी ओल्या भिंतीवरच्या वायरीला हात लागला होता. पुढे चाळीस वर्षं त्याने गास गावातल्या घरांचं वायरिंग केलं आणि दर डिसेंबरात पोरांना अंगणात बसवून ती बोटं दाखवली. कारण नाताळच्या देखाव्यात पोरं बाळ येशूच्या गोठ्याशेजारी खरी नदी वाहवतात. पाण्यात छोटी मोटर, वर दिव्यांच्या माळा.

"पानी उताराकडे जातं, करंट जमिनीकडे," यंदाही तो म्हणाला. "मधे तू असलास तर तुझ्यातून जातो."

"म्हणजे काका, तुमची बोटं उतारावर होती?" मर्विनने विचारलं. पोरं हसली.

"होती. तुझी जीभ अजून तिथंच आहे."

मग नेहमीचं. ओला हात नको, बटण बंद केल्याशिवाय वायरीला शिवायचं नाही, पायात रबरी चप्पल हवीच. सात वर्षांच्या स्टेफीने सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

दुपारी तो तिच्या घरी माळ जोडायला गेला. ओट्याच्या पायरीशी चपला ओळीत लावलेल्या. आत मोटरची घरघर. स्टेफी ओल्या लादीवर अनवाणी उभी, नदीत पडलेलं मातीचं मेंढरू काढायला वाकलेली. मोटरच्या वायरीचा जोड चिकटपट्टी सुटून पाण्यात लोंबत होता.

ओरडलं तर ती दचकून पाण्यात हात टेकेल. सिप्रियनने मेन स्विच खाली ओढला. घरघर थांबली.

"काका, नदी का बंद केली?"

"चप्पल कुठाय तुझी?"

"बाहेर." हे काय विचारणं झालं, असा तिचा चेहरा. "बाळ येशूसमोर चप्पल घालून जातात का?"

"मीच शिकवलंय," तिची आई फ्लॉसी आतून म्हणाली.

चाळीस वर्षांत हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आत्ता तोही चपला काढूनच आत आला होता.

सकाळी समोर तेवीस पोरं बसली होती. गावात दर दुसऱ्या घरी देखावा. तो तसाच अनवाणी बाहेर पडला.

शेजारचं घर मर्विनचं. पायरीशी लहान चपलांचा एक जोड, आतून मोटरची घरघर. मर्विनचा आवाज नव्हता.

सिप्रियनने हाक मारली नाही. या घरातला मेन स्विच त्यानेच बसवला होता. तो थेट तिकडे धावला.