न अडकणारं सॉफ्टवेअर

नृसिंहवाडीला आमच्या मंडळाचं भजन चालू असताना साथीचे सूर वाजवणारा माझा लॅपटॉप सॉफ्टवेअरमुळं अभंगाच्या मधेच अडकला आणि तानपुऱ्यासकट सगळे सूर एकदम गेले. ढोलकीवर वडील होते. लॅपटॉप परत चालू होईस्तोवर त्यांनी एकट्यानं वाजवत ठेवलं. लोकांना वाटलं, तसंच बसवलंय. खाली उतरल्यावर म्हणाले, "दुसरं सॉफ्टवेअर बघ की. मी किती दिस पुरणार हाय तुला?" मी चिडलो. निवड माझी होती, बदलली नाही.

ते वारल्यावर बदलली. चार सॉफ्टवेअर दिवसदिवसभर चालवून बघितली आणि न अडकणारं एक घेतलं. परवा त्यावर पहिलं भजन झालं. एकदाही अडकलं नाही. मी मात्र डावीकडं, वडील बसायचे तिकडं बघत, सॉफ्टवेअर अडकायची वाट बघत होतो.