प्रकाशची जड लेन्स

वहिनींचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या घरी एकट्याचं जेवण उरकत होतो. "हे गेले, भाऊ," एवढंच त्या बोलल्या... प्रकाश, माझा कॉलेजपासूनचा मित्र, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याला आता महिना उलटला.

जळगावात पिंप्राळ्याला राहणारा प्रकाश निवृत्तीनंतर फोटोत रमला होता. मुलीने फुल-फ्रेम कॅमेरा दिलेला, पण लेन्स एकच, झूम नसलेली. समोरचं जवळ हवं तर आपणच चालत जायचं. बायपासनंतर ते चालणं झेपेना. झूम लेन्स घ्यायची ठरली आणि कोणती घ्यायची यावर आमचा फोनवर रोज वाद. मी म्हणायचो, चोवीस-एकशेपाच घे. जवळचं-लांबचं दोन्ही भागतं, शिवाय हलकी. त्याचा जीव खूप लांबचं जवळ आणणाऱ्या, पण जड अशा सत्तर-दोनशेवर.

शेवटी त्याने मला जळगावला बोलावून घेतलं. दुकानात त्याने ती जड लेन्स बसवून कॅमेरा डोळ्याला लावला. हात थरथरायला लागले, धाप लागली. मी म्हणालो, "डॉक्टरांनी वजन उचलू नको सांगितलंय ना?" कॅमेरा खाली न ठेवता तो म्हणाला, "मग तू शेस ना उचलाले." आणि उचलायला मी आहेच असं धरून तीच घेतली.

बायको गेल्यापासून मी घराबाहेर पडणं जवळजवळ सोडलं होतं. आता दर रविवारी धुळ्याहून निघायचो, वाटेतलं एरंडोल मागे टाकून जळगावला जायचो, त्याच्याकडची बॅग खांद्यावर घ्यायचो आणि दोघं उलटं एरंडोलला येऊन पद्मालयाच्या तळ्यावर जायचो. ट्रायपॉडवर कॅमेरा लावून मी बाजूला व्हायचो. तो बघायचा, मग मला बोलवायचा, "ये, पाह्य." असा सगळा दिवस जायचा.

तेराव्यानंतर वहिनींनी बॅग माझ्यापुढे ठेवली. "मीपण हलकी घ्या म्हणत होते," त्या म्हणाल्या. "तर म्हणे, हलकी घेतली तर तो धुळ्याहून येईल कशाला? घरातच बसून राहील." मी बॅग उचलून खांद्यावर घेतली.

गेल्या रविवारी थेट एरंडोललाच उतरलो. पुढे जायचं कारण उरलं नव्हतं... तळ्याच्या पलीकडच्या काठाने एक म्हैस सावकाश पाण्यात उतरत होती. मी ट्रायपॉड उभा केला, लेन्स तिच्यावर आणली आणि सवयीने बाजूला झालो. म्हैस पाण्यात बसून फक्त शिंगं दिसेपर्यंत तसाच उभा होतो.