खाचराचं पाणी

लेक रोबोटच्या तारा जोडत होती. सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मी मुळशीतल्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जाऊन पोचले.

भाताच्या खाचरात पाणी वाढून दोन तारांना टेकलं की वाजणारी घंटा मी बनवली होती. ती बघायला आबा लावणी सोडून थेट शेतातून आले होते. पाहुण्यांसमोर गढूळ पाणी बरं दिसत नाही, म्हणून मुख्याध्यापकांनी माझ्या परातीतलं खाचराचं पाणी ओतून देऊन तिच्यात बाटलीतलं स्वच्छ पाणी भरलं. हार सावरत पाहुणे वाकले. घंटा काही वाजली नाही. "प्रयत्न छान आहे," म्हणून ते चहाकडे वळले, त्यांच्यामागे सगळी शाळा.

माझे डोळे भरून आले. आबांनी परातीत डोकावून पाहिलं.

"खाचराचं पाणी असलं ऱ्हातं व्हय, बाय?"

त्यांनी पोटरीवरचा ओला चिखल खरवडला आणि पाण्यात कालवला. घंटा कर्कश वाजू लागली. मातीतल्या क्षारांमुळे पाण्यातून वीज वाहते, हे मला नीट कळलं ते कॉलेजात. तेव्हा वाटलं, घंटा आबांना ओळखते.

"पाहुणे तर गेले. बंद करू?" मी विचारलं.

"वाजू दे," आबा म्हणाले. "मी ऐकतोय न्हवं."