प्रस्तावाचा पहिला परिच्छेद

आमच्याकडे पीएच.डी.च्या प्रस्तावाची सुरुवात आदिमानवापासून करायची पद्धत आहे. आधी मानव हा समाजशील प्राणी, मग वेदकाळ, मग जागतिकीकरण, आणि तिसऱ्या पानावर कुठेतरी बिचारा विषय. मीही तेच केलं. अंधेरीच्या एका कोळीवाड्यात कोळणी बोंबील वाळवतात, ते मैदान मला अभ्यासायचं होतं. तासिका तत्त्वावर शिकवता शिकवता चाळिशी आली होती. सर निवृत्त होणार होते आणि दुसरा कुणी मार्गदर्शक मला घेईना, तेव्हा नोंदणीची ही शेवटचीच संधी.

सर पार्ल्यात राहायचे. माझी पानं वाचून त्यांनी चष्मा काढला.

"तुला नक्की काय शोधायचंय? मला नको, हिला सांग."

काकू कोथिंबीर निवडत होत्या. दुसऱ्याच वाक्याला त्या म्हणाल्या, "म्हणजे काय गं?"

मला भयंकर राग आला. तरी पुढचे कित्येक रविवार मी तो परिच्छेद काकूंना वाचून दाखवला. परिप्रेक्ष्य गेलं, संकल्पनात्मक चौकट गेली, वेदकाळ तर केव्हाच गेला. शेवटी उरलं ते एवढंच: मैदानात बोंबील वाळत घालायच्या बांबूंच्या वलांड्या आहेत. कुठली वलांडी कोणाची, हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी भांडणं होत नाहीत. हे कसं ठरतं, ते दोन हंगाम तिथे बसून मला पाहायचं आहे.

"हां, आता कसं कळलं!" काकू म्हणाल्या.

समितीलाही कळलं आणि तिथेच माझी वाट लागली.

"इतकं स्वच्छ लिहिलेलं फार दिवसांनी वाचलं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पण ते मैदान तर रस्त्याच्या कामात जातंय ना? मग दोन हंगाम बसणार कुठे?"

मला हे ठाऊक होतं. मैदानाभोवती पत्रे उभे राहत होते, कोळणी रोज सांगत होत्या. काहीतरी होईल, कोळणींच्या अर्जावर स्थगिती येईल, असं मी स्वतःला समजावत होते. विषय बदला आणि पुढच्या वर्षी या, असं सांगून त्यांनी मला मोकळं केलं. माझ्यानंतरच्या मुलाचा प्रस्ताव कोणालाच कळला नाही, म्हणून कोणी काही विचारलंही नाही. त्याची नोंदणी झाली.

सर खाली गेटपर्यंत आले. परिच्छेद चांगला झाला होता, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मैदानात गेले. माझ्याशी नेहमी बोलणारी मावशी वलांडीच्या दोऱ्या सोडवत होती.

"तुजा काम झाला का बाय?"

"नाही झालं, मावशी."

"आमचा पन नाय," ती म्हणाली.

समितीसमोर न आलेलं रडू मला तिथे आलं. बायका बांबू काढून एकाच ढिगात टाकत होत्या, आणि कुठला बांबू कोणाचा हे कोणी बघतही नव्हतं.