तिसऱ्यांदा विचारल्यावर

शिकागोतल्या आमच्या स्वीडिश वस्तीच्या ल्यूथरन चर्चमध्ये प्रवचन वर व्हायचं आणि खरी भक्ती खाली, तळघरात. तिथे हिल्मा सँडक्विस्ट कॉफी करायची. आठवडाभर ती सरोवराकाठच्या एका धनिकाकडे स्वयंपाकीण, रविवारी मात्र तळघराची राणी. कॉफीच्या भुकटीत अख्खं अंडं टरफलासकट चुरडून ती उकळत्या पाण्यात सोडायची. गाळ खाली बसायचा आणि वर लख्ख कॉफी. तिला नवरा नाही, मूल नाही. जीव सगळा त्या किटलीत.

दरवर्षी नाताळानंतरच्या सभेत जुने पास्टर विचारायचे, "हिल्माबाई, यंदाही स्वयंपाकघर सांभाळाल ना?"

"छे, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

पुन्हा विचारलं की, "गुडघे दुखतात हो." तिसऱ्यांदा विचारलं की, "बरं, कुणीच नसेल तर..."

आमच्यात पहिल्या हाकेला हो म्हणणारा हावरट ठरतो. साधा केकचा तुकडा घ्यायचा तरी दोनदा नको म्हणावं लागतं.

नवे पास्टर हेडब्लूम अमेरिकेतच जन्मलेले, सगळ्यात घाई. त्यांनी एकदाच विचारलं. हिल्मा नेहमीसारखी "छे" म्हणाली.

"जशी तुमची इच्छा!" म्हणत त्यांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या आणि बायकांत बसलेल्या टेक्ला रीडीनकडे वळले. ती पहिल्याच फटक्यात "हो" म्हणाली. मेली निर्लज्ज! पण पास्टरांना सांगणार कोण? हिल्माला हवंय असं सांगायचं कसं, ती तर सगळ्यांदेखत नको म्हणाली होती.

टेक्ला अंडी वाचवायची. तिची कॉफी म्हणजे नुसता चिखल. हिल्मा कोपऱ्यात रिकामे हात मांडीवर ठेवून बसायची. तिच्याकडे बघून मला टेक्लाचा इतका संताप यायचा की प्रार्थनेतही डोळे मिटत नसत.

एका रविवारी पास्टर स्वतः तबक घेऊन फिरू लागले. म्हाताऱ्या आल्गोट सुताराला त्यांनी विचारलं, "कॉफी?"

"नको, नको."

पास्टर पुढे सरकले. आल्गोटचा हात हवेतच राहिला.

"अहो पास्टर, निघालात कुठे?"

"तुम्हीच नको म्हणालात ना!"

"म्हणालो म्हणून काय झालं? मला हवीय की!"

तळघर हसून लोळलं. पास्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी वळून हिल्माकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. ते टेक्लाकडे वळायच्या आत तिनेच एप्रन सोडला; भांडी घासून तीही विटली होती.

पास्टर हिल्मासमोर उभे राहिले. "हिल्माबाई, स्वयंपाकघर घ्याल?"

"छे, दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"घ्या हो, घ्या."

"गुडघे दुखतात हो."

तिसऱ्यांदा विचारण्याआधी पास्टरांनी तबकातल्या कपातून एक घोट घेतला आणि त्यांना टेक्लाच्या कॉफीचा ठसका लागला. खोकला थांबेना. सगळे श्वास रोखून बसलेले.

"आणखी एकदा, पास्टर, एकदाच!" आल्गोट ओरडला.

पण हिल्मा उठलीसुद्धा होती. "बरं, बरं, घेते म्हटलं ना!" असं म्हणत, कानापर्यंत लाल होऊन, ती एप्रनची गाठ मारत होती.