माझ्या ताटात उरलेली भाकर

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. खामगावात आमच्या ओळखीत कुणी वजन कमी करायला निघालं, की आजही माझं उदाहरण देतात. ते आता ऐकवत नाही, म्हणून लिहितो.

बायकोचे गुडघे गेले होते. डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बघू. त्यांनी तिला जेवण आखून दिलं. दर वेळी एक भाकर, वाटीभर वरण, भाजी, काकडी. पोट माझंही सुटलं होतं. मी म्हटलं, मला कागद नको. दोनदाच जेवायचं आणि अर्धं पोट भरलं की उठायचं. बघू कोणाचं आधी उतरतं.

माझं उतरलं. पँटला पट्टा लागू लागला. तिचा काटा जागचा हलेना.

"डॉक्टरचा कागदच खाऊन राह्यली वाटते हे," मी पाहुण्यांसमोर म्हणायचो. सगळे हसायचे.

"तुमचं बरं हाय," ती म्हणायची. "तुमाले ताटावरून उठता येते."

मला तो हरलेल्या माणसाचा टोमणा वाटायचा.

एकदा बाहेर पडलो आणि चष्म्यासाठी परत आलो. ती जेवत होती, नेहमीसारखी माझ्याच ताटात. माझ्या ताटात मोजून वाढणं तिला कधी जमलं नाही. दोन भाकरी, बेसन, वर तेलाची धार. त्यातलं अर्धं टाकून मी उठलो होतो. तिची स्वतःची भाकर संपली होती आणि आता ती माझी उरलेली खात होती. गावी होतो तेव्हा उरलंसुरलं गाईपुढे जायचं. इथे गाय कुठली?

"काऊन खातं ते?" मी विचारलं.

"मंग काय नालीत टाकू? अन्न हाय ते."

'उद्यापासून मला एकच वाढ,' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी चष्मा घेतला आणि गेलो. एकच भाकर घेतली असती, तर माझं वजन तेवढंच उतरलं असतं. तिचंही उतरलं असतं, आणि नेमकं तेच मला नको होतं. मी अर्ध्यावरून उठत राहिलो. पुढच्या वेळी डॉक्टर तिला म्हणाले, "तोंडावर ताबा ठेवा, बाई." मी शेजारी बसून मान हलवली.

ऑपरेशन लांबत गेलं. पुढे तिचं हृदय कमजोर निघालं आणि तो विषयच संपला. ती भिंत धरून चालायची ती शेवटपर्यंत.

शेवटच्या महिन्यांत स्वयंपाक मीच करायचो. तिला दोन घासांवर जेवण जात नसे. एका दुपारी तिचं ताट मी पुढे ओढलं आणि उरलेलं खायला लागलो.

"काऊन जी, माझं उष्टं खाता?"

तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन माझ्यामुळे राहिलं, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"मंग काय नालीत टाकू?" मी म्हणालो. ती हसली. मी तो घास गिळला, आणि त्याच्याबरोबर तेही.