शेकड्यात एकशे पाच

"फडावर पाचशे शेकडे तेंदूपुडे आले. एकूण पुडे किती?"

"बावन्न हजार पाचशे," मी म्हणालो.

"शेकड्यात किती धरलेस?"

"एकशे पाच."

टेबलापलीकडचे तिघं साहेब हसले. मधल्यानं तर चपराश्याला आत बोलावलं. "ऐक रे. याच्या गावात शंभर म्हणजे एकशे पाच. मॅट्रिक पास आहे म्हणे."

चपराशी म्हातारा, आमच्याच भागातला. तो हसला नाही. रिकामा पेला उचलून खाली मान घालून बाहेर गेला.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. वरोऱ्याला विडीपत्त्याच्या कंपनीत हिशेबनिसाची जागा निघाली. लेखी परीक्षेत मी पहिला आलो. मुलाखतीसाठी महिनाभर खपलो. सावली गावच्या मास्तरांकडून जमाखर्चाचं जुनं पुस्तक आणलं. भांडवल, घसारा, ताळेबंद, सगळं घोकलं. बोलणंही घासूनपुसून घेतलं. 'मले' नाही, 'मला'. 'काऊन' नाही, 'का'. माय चुलीपाशी ऐकायची. म्हणायची, "मले म्हणलं तं पगार कमी देतेत काय रे?" मी तिच्यावर खेकसायचो. मला तिची लाज वाटत होती. खरं तेच सांगतो.

घसारा कोणी विचारलाच नाही.

पुडा म्हणजे तेंदूपानांची बांधलेली जुडी. लहानपणापासून मी मायसोबत फडावर, म्हणजे कंपनी पानं मोजून घेते त्या जागी, पुडे मांडत आलो. शंभर मांडून झाले की कंपनीचा मुंशी म्हणायचा, "वरचे पाच." सडके निघतील त्याचे ते पाच. सडके निघोत की न निघोत. पैसे शंभराचेच. म्हणून आमच्याकडे शेकडा एकशे पाचाचा. कोणी फडाचं नाव काढलं की आमच्या तोंडून दुसरा आकडा येतच नाही. पुस्तकातला शंभर तिथं आठवलाच नाही.

उजवीकडचा साहेब मी ओळखला होता. दर उन्हाळ्यात जीपनं आमच्या फडावर यायचा. वरचे पाच त्याच्या डोळ्यांदेखत घेतले जायचे. तोही हसत होता. रुमालानं डोळे पुसून पुसून.

आणि मी? मी म्हणालो, "चुकलो साहेब. शंभरच."

"आईवडील काय करतात?"

"वडील नाहीत. आई घरीच असते."

त्या वेळी माय रानात पानं तोडत होती. याच कंपनीची.

"गणित कच्चं आहे," मधला साहेब म्हणाला आणि कागदावर रेघ मारली. मी हात जोडले. हात जोडले, हे अजून सलतं.

चपराशी बाहेर पायरीवर बसला होता. हळूच म्हणाला, "बापू, तू तं बराबर सांगतलं. मंग चुकलो काऊन म्हणला?"

मला त्याच्याकडे बघवलं नाही.

घरी आलो. माय पुडे बांधत बसली होती. झालं ते सांगितलं. तीही हसेल असं वाटलं होतं. तिनं हातातली गाठ पक्की केली आणि विचारलं, "म्हंजे शेकडा शंभराचा असते, हे त्याईले ठाऊक हाय?"

एवढंच विचारलं. पुस्तकं वाचून मला जे सुचलं नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी तिच्यासोबत फडावर गेलो. शंभर पुडे मांडले आणि उभा राहिलो.

"वरचे पाच मांड," मुंशी म्हणाला.

"शेकडा शंभराचा असते. तुमच्या साहेबानंच सांगतलं मले. भरवसा नसंन तं वरोऱ्याले जाऊन इचारा."

'मले' म्हणालो. मोठ्यानं म्हणालो.

मुंशीनं आमचे पुडे लाथेनं ओळीबाहेर ढकलले. मायनं ते एकेक करून गोळा केले आणि पुन्हा मांडले. शंभरच. शेजारच्या बाईनं सगळं पाहिलं. तिनं आपले वरचे पाच उचलून पदरात घेतले.

त्या दिवशी आम्हा दोघा-तिघांचं पान कंपनीनं घेतलं नाही. घरात चूल पेटली नाही. माझी लाजही गेली नाही. 'चुकलो' हा शब्द मी त्या टेबलावर ठेवून आलोय आणि त्याची माफी मी स्वतःलाही देणार नाही. पण आता मी प्रत्येक फडावर जातो. शंभर मोजतो. वरचे पाच कुठं जातात ते विचारतो. उत्तर मिळेस्तोवर तिथून हलत नाही.